तराजूत बसून जेवणारा डॉक्टर

जेवणाचे टेबल समोर मांडलेले, पण बसायची खुर्ची जमिनीवर नाही. ती वर टांगलेल्या मोठ्या काट्याला अडकवलेली. खुर्चीतला माणूस जेवतो आहे. ठरवलेल्या वजनाचे अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली येते आणि तो हात आवरता घेतो. सतराव्या शतकातल्या एका पुस्तकात छापलेले हे चित्र सांतोरियो सांतोरियो या इटालियन डॉक्टरांच्या प्रयोगाचे आहे. माणसाचे वजन एका दिवसात का आणि किती बदलते, याचा मोजमाप करून शोध घेणारे ते पहिल्या काही संशोधकांपैकी एक.

सांतोरियो यांचा जन्म १५६१ साली व्हेनिस प्रजासत्ताकातील कापोदिस्त्रिया येथे झाला. आज हे गाव कोपर या नावाने स्लोव्हेनियात आहे. पादुआ विद्यापीठातून १५८२ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पुढे व्हेनिसमध्ये वैद्यकी केली आणि १६११ मध्ये ते पादुआतच प्राध्यापक झाले. त्या काळी डॉक्टर नाडी बोटांनी आणि ताप तळहाताने जोखत. सांतोरियो यांना हा अंदाजपंचे कारभार पुरेसा वाटेना. नाडीची गती मोजण्यासाठी त्यांनी लंबकाचे साधन केले, तर शरीराची उष्णता मोजण्यासाठी काचेच्या नळीवर खुणा केल्या.

पण त्यांचे नाव राहिले ते तराजूमुळे. सुमारे पंचवीस-तीस वर्षे ते स्वतःचे वजन करत राहिले. जेवणाआधी, जेवणानंतर, झोपेनंतर, व्यायामानंतर. खाल्लेले अन्न, प्यायलेले पाणी, मल आणि मूत्र हेही ते मोजत. हिशेब मात्र जुळेना. दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले साधारण पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जात. या अदृश्य घटीला त्यांनी न जाणवणारा घाम मानले. आज आपण जाणतो, की त्वचेतून आणि श्वासातून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते आणि अन्नातला कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जातो. रात्री झोपताना असलेले वजन सकाळी कमी भरते, ते यामुळेच.

त्यांचे आणखी एक निरीक्षण डाएट करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. बेताने जेवणाऱ्या निरोगी पुरुषाचेही वजन महिन्यातून एकदा एक-दोन पौंडांनी वाढते आणि लघवी जास्त होऊन पुन्हा पूर्वपदावर येते, असे त्यांनी लिहिले. म्हणजे काट्यावरचा प्रत्येक चढ हा चरबीचा नसतो.

एखाद्या लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो, तेव्हा नेमके हेच घडलेले असते. जादा पिष्टमय अन्नाचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो आणि एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खारट पदार्थांतले मीठ आणखी पाणी अडवते. शिवाय आतड्यातल्या अन्नाचेही वजन असतेच. एक किलो चरबी वाढायची तर गरजेपेक्षा सुमारे सात हजारांहून जास्त कॅलरी पोटात जाव्या लागतात. एका जेवणात ते सहसा शक्य नसते. नेहमीचा आहार सुरू केला की बहुतेक वाढ काही दिवसांत ओसरते. याच न्यायाने डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेले वजनही बरेचसे पाण्याचे असते.

सांतोरियो यांनी १६१४ मध्ये आपले निष्कर्ष छोट्या सूत्रांच्या रूपात प्रसिद्ध केले आणि त्याची एक प्रत गॅलिलिओंनाही पाठवली. पुस्तक युरोपभर गाजले. पण रोजच्या नोंदी त्यांनी त्यात दिल्या नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे कोणाला तपासता आले नाहीत. फेरारा येथील एका वैद्याने तर त्यांच्या पद्धतीवर टीकेचे पुस्तकच लिहिले. त्यांचा एक निष्कर्षही चुकला: हा अदृश्य घाम अडला की बहुतेक आजार होतात, असे ते मानत. मोजमाप बरोबर असले तरी त्याचा अर्थ चुकू शकतो, हे त्यांच्याच उदाहरणातून दिसते. १६२४ मध्ये प्राध्यापकी सोडून ते व्हेनिसला परतले आणि १६३६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

घरोघरी काटे आल्यावर अर्थ लावण्याची ही चूक रोज होते. एका सकाळच्या आकड्याने खचून कोणी उपाशी राहतो, तर कोणी डाएटच सोडून देतो. त्याऐवजी सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. एक अपवाद मात्र महत्त्वाचा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली किंवा धाप लागू लागली, तर तेही शरीरात साठलेले पाणीच असते. पण ते आपोआप ओसरण्याची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.