कुलाब्याच्या वेधशाळेतील केरूनाना

पावसाळा आला, की वाकोलावासीयांचे लक्ष कुलाबा आणि सांताक्रूझ येथील आकड्यांकडे लागते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला मात्र अवघा ७३.४. मोजमाप नसते, तर ही तफावत कळलीच नसती. या मोजमापाच्या शिस्तीत ज्यांचे तारुण्य गेले, त्या केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांचे स्मरण म्हणूनच उचित ठरावे.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२४ रोजी अलिबागजवळील नागावचा. शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि प्रा. ऑर्लिबार यांचे आवडते शिष्य झाले. त्यांच्याच देखरेखीखालील कुलाबा वेधशाळेत ते कोवळ्या वयात साहाय्यक म्हणून रुजू झाले व सुमारे दहा वर्षे तेथे राहिले.

तो काळ इंच आणि फॅरनहाइटचा. समुद्रसपाटीवरील सरासरी वायुभार तेव्हा पाऱ्याच्या स्तंभाचे २९.९२ इंच म्हणून मोजला जाई. आज गच्चीत छोटे हवामानयंत्र बसविणाऱ्या हौशी नागरिकाला तोच भार १०१३.२५ हेक्टोपास्कल असा दिसतो. दहाव्या मजल्यावरील यंत्र तळमजल्यापेक्षा तीन-साडेतीन हेक्टोपास्कल कमी दाखविते. हा दोष यंत्राचा नव्हे, उंचीचा परिणाम होय. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने त्या दिवशी सांताक्रूझच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी कोसळले. वाकोला नाला का तुंबला, हे त्यावरून उमगते.

पुढे केरूनाना पुण्यात अध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. वेधांची सवय जडलेल्या या गणितज्ञास पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांतील अंतर खटकू लागले. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे आबा पटवर्धन यांच्या साह्याने नवे पंचांग काढले. ‘पटवर्धनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या पंचांगाचे अनुयायी मोजकेच राहिले. सणवारांच्या तिथी बदलण्यास समाज राजी नव्हता. केरूनाना मात्र प्रत्यक्ष वेधावर ठाम राहिले. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज घरोघरी यंत्रे आली आहेत. आकडा कोणत्या एककात, कोठे आणि किती वाजता घेतला, याची नोंद ठेवण्याची केरूनानांची शिस्त त्यांच्यासोबत यावी, एवढेच.