टॉस हरला आणि युरो कप हातातून गेला, सोव्हिएत कॅप्टन अल्बर्ट शेस्टर्न्योवची गोष्ट

क्रिकेटमध्ये टॉस हरला तर काय होतं? आधी बॅटिंग की बॉलिंग, एवढंच ठरतं. पण फुटबॉलमध्ये एक टीम फक्त टॉस हरली म्हणून युरो कपच्या बाहेर गेली होती. ती टीम होती सोव्हिएत संघाची आणि तिचा कॅप्टन होता अल्बर्ट शेस्टर्न्योव.

शेस्टर्न्योवचा जन्म 20 जून 1941 चा, मॉस्कोतला. तो दोन दिवसांचा असताना हिटलरच्या फौजा सोव्हिएत संघात घुसल्या. त्याचं लहानपण युद्धात आणि युद्धानंतरच्या टंचाईत गेलं.

1959 साली तो लष्कराच्या क्लबकडून खेळायला लागला. हाच क्लब पुढे सीएसकेए मॉस्को या नावाने ओळखला गेला. तेव्हा सोव्हिएत संघात कागदोपत्री प्रोफेशनल फुटबॉलर असा प्रकारच नव्हता. खेळाडू कुठल्या तरी खात्याचे नोकर असायचे आणि सीएसकेएचे खेळाडू लष्कराचे. प्रत्यक्षात मात्र त्यांचं पूर्णवेळ काम फुटबॉल खेळणं हेच होतं. शेस्टर्न्योव शेवटपर्यंत याच एका क्लबकडून खेळला.

तो सेंट्रल डिफेंडर होता. उंचापुरा, वेगवान आणि डोकं शांत ठेवणारा. समोरचा फॉरवर्ड काय करणार हे ओळखून आधीच तिथे जाऊन उभं राहणं हे त्याचं काम. देशासाठी तो 90 मॅच खेळला आणि त्यात त्याचा एकही गोल नाही. डिफेंडरचा हिशोब असाच असतो. त्याने थांबवलेले गोल स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत.

1964 च्या युरो कपची फायनल माद्रिदमध्ये होती. समोर यजमान स्पेन आणि स्टँडमध्ये खुद्द हुकूमशहा फ्रँको. सोव्हिएत टीम 2-1 ने हरली. कम्युनिस्ट देशाची टीम फ्रँकोच्या डोळ्यांदेखत हरते, हे मॉस्कोला चालण्यासारखं नव्हतं. युरोपात दुसरा नंबर मिळवूनही कोच बेस्कोव यांना जावं लागलं.

दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या वर्ल्ड कपला शेस्टर्न्योव कॅप्टन होता. टीमने इटली आणि हंगेरीला हरवून सेमी फायनल गाठली. तिथे पश्चिम जर्मनीने 2-1 ने हरवलं आणि शेवटी चौथा नंबर आला. सोव्हिएत संघ असो की नंतरचा रशिया, वर्ल्ड कपमध्ये त्यापुढे त्यांना आजवर जाता आलेलं नाही.

मग आला 5 जून 1968 चा दिवस. इटलीतल्या नेपल्समध्ये युरो कपची सेमी फायनल, समोर यजमान इटली. 90 मिनिटं झाली, 0-0. एक्स्ट्रा टाइमची 30 मिनिटं झाली, तरी 0-0. शेस्टर्न्योवच्या डिफेन्सने घरच्या प्रेक्षकांपुढे इटलीला एकही गोल करू दिला नव्हता.

आता निकाल कसा लावायचा? पेनल्टी शूटआऊट तेव्हा नव्हतं आणि फायनल तीनच दिवसांवर होती. नियम सांगत होता, नाणं उडवा. जर्मन रेफ्री शेस्टर्न्योव आणि इटलीचा कॅप्टन फाकेत्ती यांना घेऊन आत गेले. स्टेडियम वाट बघत राहिलं. थोड्या वेळाने फाकेत्ती उड्या मारतच बाहेर आला आणि लोकांना निकाल कळला.

इटलीने पुढे तो युरो कप जिंकला. सोव्हिएत टीम तिसऱ्या नंबरची मॅचही इंग्लंडकडून हरली. पण सेमी फायनल असा सोडवायची पद्धत फार दिवस टिकली नाही. 1970 मध्ये पेनल्टी शूटआऊट नियमात आलं.

1970 च्या वर्ल्ड कपमध्येही नशीब आडवं आलं. मेक्सिको सिटीत उरुग्वेविरुद्ध क्वार्टर फायनल एक्स्ट्रा टाइमच्या शेवटाकडे आली होती. बॉल रेषेबाहेर गेला असं समजून सोव्हिएत खेळाडू थबकले. रेफ्रीची शिट्टी वाजली नाही, उरुग्वेने गोल केला आणि तो मान्य झाला. सोव्हिएत संघ 1-0 ने बाहेर.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मात्र फासे उलटे पडले. सोव्हिएत लीगमध्ये सीएसकेए आणि डायनॅमो मॉस्को यांचे पॉइंट सारखे झाले. मॉस्कोत कडाक्याची थंडी, म्हणून निर्णायक मॅच ताश्कंदला ठेवली. पहिल्या दिवशी 0-0. इथे नाणं नव्हतं, दुसऱ्या दिवशी परत मॅच होती. सीएसकेए 1-3 ने मागे पडली आणि तरीही 4-3 ने जिंकली. शेवटचा गोल होताना बॉल गोलकीपरसमोर विचित्र उसळला आणि आत गेला. तब्बल 19 वर्षांनी लीग सीएसकेएकडे आली. शेस्टर्न्योव त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलर ठरला.

1972 नंतर तो खेळायचा थांबला. काही काळ त्याने सीएसकेएचं कोचिंगही केलं. पण मैदानाबाहेरचं आयुष्य सोपं गेलं नाही. दारूने तब्येत पोखरली आणि 22 ऑक्टोबर 1994 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षी तो गेला.

युरोपच्या रेकॉर्ड बुकात 1968 ची ती सेमी फायनल इटलीने जिंकली अशीच नोंद आहे. पण त्या रात्री 120 मिनिटांत शेस्टर्न्योवच्या टीमला कुणीही हरवू शकलं नव्हतं, हेही तिथल्याच 0-0 या स्कोअरमध्ये लिहिलेलं आहे.