गणिताचे कवी : भास्कराचार्य

विद्यार्थी मित्रांनो, गणित म्हणजे रुक्ष आकडेमोड आणि कला म्हणजे कल्पनेची भरारी, असे तुम्हांला वाटते ना? मग भास्कराचार्यांची ओळख करून घ्या. त्यांनी या दोन्हींची सुंदर सांगड घातली.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये सह्याद्रीच्या परिसरात झाला. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटण हे त्यांचे गाव, असे अनेक अभ्यासक मानतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी संस्कृतमध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग आहेत.

त्या काळी आपल्याकडे छापखाने नव्हते. ज्ञान पाठ करून जपावे लागे. म्हणून गणितही पद्यात लिहीत. भास्कराचार्यांनी त्या पद्यांत सुंदर चित्रे रंगवली. 'लीलावती'तील एक उदाहरण पाहा. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती हळूहळू झुकते आणि दोन हात अंतरावर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? वहीत आकृती काढा. काटकोन त्रिकोण दिसेल आणि पावणेचार हात हे उत्तर मिळेल.

शेराचे वजन तुम्हांला ठाऊक आहे. तसाच संस्कृत पद्यांत लघू आणि गुरू अक्षरांचा हिशेब असतो. सहा अक्षरांच्या चरणात ही अक्षरे ६४ प्रकारे मांडता येतात, हे भास्कराचार्यांनी गणिताने दाखवले.

वयाच्या ६९ व्या वर्षीही त्यांनी 'करणकुतूहल' हा ज्योतिषावरील ग्रंथ रचला. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला.

हे ग्रंथ पुढे फारसीत कोणी नेले? अकबर बादशहाच्या आज्ञेवरून इ. स. १५८७ मध्ये 'लीलावती'चे भाषांतर केले ते दरबारी कवी फैजी यांनी. शहाजहानच्या काळात 'बीजगणित' फारसीत आणले ते अताउल्ला रशीदी यांनी. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा उभारणारे स्थापत्यकार तेच! मकबऱ्याच्या दरवाजावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

एक कवी आणि एक स्थापत्यकार, दोघांनाही भास्कराचार्यांचे गणित आपले वाटले. तेव्हा मित्रांनो, चित्र किंवा शेर आवडतो म्हणून गणित आपले नव्हे, असे समजू नका. कमळाचे उदाहरण आजच सोडवून पाहा.