लाखेचा कारखाना उभारणारे महाराज : नालवडी कृष्णराज वाडियार

निवडणुकीत मतदाराच्या बोटाला लावली जाणारी शाई म्हैसूरमधील ज्या कारखान्यात तयार होते, तो मूळचा लाखेचा कारखाना आहे. म्हैसूर संस्थानचे महाराज नालवडी कृष्णराज वाडियार यांनी १९३७ मध्ये त्याची स्थापना केली. कारागिरी टिकवायची तर राजाश्रयाच्या जोडीला शाळा आणि कारखानाही हवा, या दिशेने त्यांचा कारभार झाला.

कृष्णराजांचा जन्म ४ जून १८८४ रोजी झाला. वडील चामराजेंद्र वाडियार यांचे १८९४ च्या अखेरीस कोलकाता येथे निधन झाले आणि पुढील वर्षी दहा वर्षांचे कृष्णराज गादीवर आले. १९०२ मध्ये त्यांना सर्वाधिकार मिळेपर्यंत मातोश्रींनी राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला.

१८९७ मध्ये म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा आगीत नष्ट झाला. वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार उभारलेला नवा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्यातील हस्तिदंत जडवलेला शिसवी दरवाजा म्हैसूरच्या जडावकामाचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. शिसवी लाकडात नक्षीच्या खाचा कोरून त्यांत हस्तिदंताचे तुकडे बसवायचे आणि पृष्ठभाग घासून चकचकीत करायचा, ही या कामाची रीत. कपाटे, मेज आणि पेट्या याच पद्धतीने सजवल्या जात.

सजावटीच्या कपाटांसाठी जपानचीही ख्याती मोठी होती. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत अशी कपाटे मकाव, गोवा या मार्गाने युरोपात जात. जपानी रोगण झाडाच्या चिकापासून बनते आणि ते दमट हवेत घट्ट होते. त्याचे थरावर थर चढवून प्रत्येक थर घासला जातो. ओल्या थरावर सोन्याची पूड शिंपडून चित्र काढण्याच्या कलेला माकिए, तर शिंपल्याच्या जडावाला रादेन म्हणतात. भारतीय लाख मात्र झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते.

जपानने ही कला १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जगासमोर मांडली आणि १८८९ मध्ये सुरू झालेल्या टोकियोच्या कलाशाळेत तिच्या शिक्षणाची सोय केली. पुण्यात शिकलेले आणि खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८९८ मध्ये जपानला भेट दिली होती. कृष्णराजांनी १९१२ मध्ये त्यांना दिवाणपदी नेमले. पुढच्याच वर्षी म्हैसूरमध्ये चामराजेंद्र तांत्रिक संस्था स्थापन झाली. चंदनतेल व साबणाचे उद्योग, तसेच म्हैसूर विद्यापीठ हीसुद्धा याच काळातील कामे होत.

संस्थानातील जंगलांत मिळणाऱ्या लाखेपासून रंग आणि रोगण तयार करण्यासाठी १९३७ मध्ये म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स हा कारखाना निघाला. तीन वर्षांनी, ३ ऑगस्ट १९४० रोजी, कृष्णराजांचे बंगळूरु येथे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर हा कारखाना राज्य सरकारकडे आला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून तेथे मतदानाची शाई बनू लागली आणि १९८९ मध्ये त्याचे नाव म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश असे झाले. शहराच्या उत्तर भागात, मेटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीपासून फार दूर नसलेल्या बन्नीमंटप परिसरात तो आजही चालू आहे.

जडावकामाचा मार्ग अधिक खडतर ठरला. वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. कारागीर आता निरनिराळ्या रंगांची लाकडे आणि हस्तिदंताचे पर्याय वापरतात. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. राजदरबार आणि हस्तिदंत हे त्याचे दोन्ही जुने आधार गेले, तरी हे काम हातांत टिकून आहे.