गुर्लहोसूरचे अण्णासाहेब आणि आमची मुले

संगीत नाटक म्हटले की पुण्या-मुंबईचे नाव पुढे येते. पण त्याचे जनक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच मातीतले, हे सीमाभागातल्या किती मुलांना ठाऊक आहे?

31 मार्च 1843 रोजी गुर्लहोसूर येथे अण्णासाहेबांचा जन्म झाला. हे गाव आज बेळगाव जिल्ह्यातच आहे. लहानपणी ते घरीच कानडी आणि मराठी शिकले. पुढे पुण्यास शिकायला गेले, तेथे अभ्यासापेक्षा नाटकाचाच नाद लागला. बेळगावात त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. म्हणजे आम्हा मास्तरांपैकीच एक!

नंतर पुण्यात सरकारी कचेरीत असताना त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. पूर्वी सगळ्यांची पदे सूत्रधार म्हणे. येथे पात्रे स्वतः गाऊ लागली. साक्या, दिंड्या आणि कर्नाटकी चालींमुळे संस्कृतचा गंध नसलेल्यांनाही शकुंतला आपली वाटली. 1882 साली सौभद्र आले. 1884 सालचे रामराज्यवियोग मात्र अपुरेच राहिले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूरलाच त्यांचे निधन झाले.

हे चरित्र आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा मुले जांभया देत होती. मग स्नेहसंमेलनासाठी शाकुंतलातला चौथ्या अंकाचा निरोपाचा प्रवेश बसवला. वाचताना अडखळणाऱ्या मुलाने कण्वाचे भाषण ऐकून ऐकून पाठ केले. घरी कानडी बोलणारी मुलगी शकुंतला झाली. 'तो', 'ती', 'ते' यांची तिची गल्लत वहीत लाल शाईने सुधारली नव्हती, ती तालमीत सुधारली. प्रयोगाच्या दिवशी लेकी सासरी पाठवलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसत होत्या. कालिदास कोण, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

मराठी शाळांचे पट घसरत आहेत. समितीची निवेदने आणि मोर्चे हवेतच. पण भाषा मुलांच्या तोंडी राहिली नाही, तर ते कोणासाठी? कानडीशी आमचे वैर नाही; अण्णासाहेबांना दोन्ही भाषा येत होत्या.

तेव्हा गावोगावच्या शिक्षकांना आणि पालकांना आमची विनंती आहे. यंदाच्या संमेलनात सिनेमाच्या गाण्यांतले एक कमी करा आणि जुन्या नाटकातला एक प्रवेश घ्या. आईचे जुने लुगडे आणि कुंडीतले एक रोप एवढ्यावर कण्वाचा आश्रम उभा राहतो.