सहा जागांचे कोडे

मुलांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात ठेवलेले निळे खडे तुम्ही कदाचित पाहिले असतील. हवेतील ओलावा शोषून घेण्यासाठी ते ठेवलेले असतात. पावसाळ्यात काही दिवसांनी हेच खडे गुलाबी दिसू लागतात. ते तापवले, की पुन्हा निळे होतात. ही किमया त्या खड्यांची नाही. त्यांत मिसळलेल्या कोबाल्ट क्लोराइडची आहे. भोवती पाण्याचे रेणू जमले, की हा क्षार गुलाबी होतो. पाणी निघून गेले, की निळा होतो. या क्षाराच्या फिकट द्रावणाने कागदावर लिहिले तर वाळल्यावर अक्षरे जवळजवळ दिसत नाहीत. पण कागद गरम केला, की निळी अक्षरे उमटतात. हा क्षार विषारी आहे, म्हणून शिक्षक जवळ असल्याशिवाय तुम्ही त्याला हात लावू नका.

कोबाल्ट तोच असतो. पण त्याच्या शेजारी कोण बसले आहे, त्यावर त्याचा रंग बदलतो. हे शेजारी किती असतात आणि ते कोठे बसतात, हे ज्यांनी शोधून काढले, त्या आल्फ्रेड वेर्नर यांची ही हकिकत आहे.

त्याआधी कोबाल्टची थोडी ओळख करून घेऊ. कोबाल्ट हा करड्या रंगाचा, किंचित निळसर झाक असलेला कठीण धातू आहे. लोखंडाप्रमाणे तोही चुंबकाकडे ओढला जातो. तो वितळवायला सुमारे १४९५ अंश सेल्सिअस तापमान लागते. जर्मनीतील खाणकामगारांना त्याची खनिजे अजिबात आवडत नसत. ती चांदीच्या खनिजासारखी दिसत. पण भट्टीत घातली, की चांदी तर मिळत नसेच, उलट विषारी धूर निघे. हा धूर खनिजातील आर्सेनिकचा होता. कामगारांना मात्र वाटे, की हा खाणीतल्या खोडकर भुताचा खेळ आहे. त्या भुताला ते कोबोल्ड म्हणत. त्यावरूनच या धातूला कोबाल्ट हे नाव पडले. स्वीडनच्या गेओर्ग ब्रांट यांनी १७३५च्या सुमारास हा एक स्वतंत्र धातू आहे, असे दाखवून दिले.

धातू माहीत नव्हता, तेव्हाही त्याचा रंग मात्र लोकांना माहीत होता. इराणातील काशान शहराजवळ कोबाल्टची खनिजे मिळत. त्यांच्यापासून मशिदींच्या फरशांवर आणि भांड्यांवर निळा रंग चढवला जाई. तुम्ही उर्दूत ज्याला लाजवर्दी म्हणता, तसा तो गडद निळा रंग. काचेत कोबाल्टचा थोडासा अंश असला, तरी ती निळी होते.

आता वेर्नर यांच्याकडे वळू.

आल्फ्रेड वेर्नर यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजी फ्रान्समधील म्यूलूझ या गावी झाला. हे गाव आल्सास प्रांतात आहे. वडील लोखंडाच्या कारखान्यात काम करत. आल्फ्रेड लहान असतानाच फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध झाले. फ्रान्सचा पराभव झाला आणि १८७१ साली आल्सास जर्मनीकडे गेला. गाव तेच, घर तेच. पण शाळेची भाषा बदलली. शाळेत आता जर्मन शिकावे लागे. वडिलांनी मात्र घरातली फ्रेंच सोडली नाही. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. आल्फ्रेडला दोन्ही भाषा आल्या. ज्या शोधाने त्याचे पुढे नाव झाले, तो शोध त्याने जर्मन भाषेतच जगाला सांगितला.

मुलगा हुशार होता, तसा हट्टीही होता. रसायनशास्त्राचे त्याला वेड लागले. घरामागच्या कोठारात त्याने स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. अठराव्या वर्षी त्याने एक शोधनिबंध लिहिला आणि तो गावातील रसायनशाळेच्या प्रमुखांना नेऊन दाखवला. निबंध कच्चा होता. पण मुलगा कच्चा नाही, हे त्या जाणकार प्राध्यापकांनी ओळखले.

एक वर्ष सैन्यात काढल्यानंतर १८८६ साली वेर्नर स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी शिकायला गेले. १८८९ साली त्यांना तेथील पदविका मिळाली आणि १८९० साली डॉक्टरेट. गणित हा त्यांचा विषय कधीच नव्हता, त्यात त्यांना गुण कमीच पडत. पण एखादी वस्तू डोळ्यांसमोर आणून मनातल्या मनात ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहणे त्यांना सहज जमे. हा गुण परीक्षेत दिसला नाही. तो कोठे दिसला, ते आता पाहू.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना एका कोड्याने सतावले होते. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठरावीक हात असतात, अशी कल्पना करा. कोबाल्टला तीन हात आहेत असे मानले, तर तो क्लोरीनचे तीन अणू धरील आणि त्याचे हात भरतील. अमोनियाच्या रेणूतही कोणाचा हात मोकळा नसतो. मग या दोघांची जोडी जमायला नको. पण ती जमते! त्यातही गंमत अशी, की एका क्षारात अमोनियाचे सहा रेणू असतात, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार. सहावाला क्षार पिवळसर नारिंगी, पाचवाला जांभळट लाल आणि चारवाला हिरवा. तिघांतही क्लोरीनचे अणू तीनच. या द्रावणांत थंडपणी सिल्व्हर नायट्रेट टाकले, की क्लोरीन पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. पहिल्या क्षारातील तिन्ही क्लोरीन असे खाली येतात. दुसऱ्यातील दोनच येतात. तिसऱ्यातील फक्त एक. उरलेले कोठे अडकून बसतात?

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात सोफुस योर्गेनसेन नावाचे नामवंत शास्त्रज्ञ होते. वयाने ते वेर्नर यांच्याहून एकोणतीस वर्षांनी मोठे. कोबाल्टचे असे क्षार बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचे म्हणणे असे होते, की अमोनियाचे रेणू मुलांनी एकमेकांचे हात धरावेत तशी साखळी करतात आणि काही क्लोरीन या साखळीच्या टोकाला असतात. टोकाचे क्लोरीन लवकर सुटतात, कोबाल्टला थेट चिकटलेले सुटत नाहीत.

१८९२ सालच्या अखेरीस एका रात्री दोन वाजता वेर्नर यांना एकाएकी जाग आली. कोड्याचे उत्तर त्यांना सापडले होते. ते उठले आणि लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते लिहीतच होते. १८९३ साली हा लेख छापून आला, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते.

त्यांची कल्पना काय होती? साखळी नाहीच. कोबाल्ट मध्यभागी आणि त्याच्याभोवती सहा जागा. तुम्ही वर्गाच्या मधोमध उभे आहात असे समजा. चार बाजूंना चार भिंती, वर छत आणि खाली फरशी. झाल्या सहा दिशा. तशा सहा दिशांना सहा शेजारी बसतात. अमोनियाचे सहा रेणू असले, तर सर्व जागा भरतात आणि तिन्ही क्लोरीन बाहेर मोकळे राहतात. अमोनियाचे पाच असले, तर एक क्लोरीन आत येऊन रिकामी जागा घेतो आणि दोन बाहेर राहतात. चार असले, तर दोन क्लोरीन आत येतात आणि एकच बाहेर उरतो. आतला क्लोरीन सहजासहजी सुटत नाही, म्हणून त्याचा साका होत नाही. तीन, दोन, एक. हिशेब बरोबर जुळला.

पण मुलांनो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या लेखासाठी वेर्नर यांनी स्वतः एकही प्रयोग केलेला नव्हता. प्रयोग इतरांचे होते आणि त्यांतले पुष्कळसे खुद्द योर्गेनसेन यांचे. ज्या माणसाने वर्षानुवर्षे खपून क्षार बनवले, त्याच्याच माहितीवरून एका तरुणाने त्याचे मत खोडून काढले होते. योर्गेनसेन यांना ते रुचले नाही, आणि माझ्या मते यात त्यांचे फारसे चुकलेही नाही. पुरावा दाखवा, असे म्हणणे हे शास्त्रज्ञाचे कामच आहे.

१८९३ सालीच वेर्नर झुरिक विद्यापीठात शिकवू लागले. पुढच्या वर्षी एम्मा गीस्कर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लवकरच ते प्राध्यापक झाले. आता त्यांनी पुरावे गोळा करायला सुरुवात केली. मिओलाती या इटालियन मित्राबरोबर त्यांनी अशा क्षारांच्या द्रावणांतून वीज किती वाहते ते मोजले. ज्या संयुगात बाहेर मोकळे असे काहीच उरत नाही, त्यातून वीज वाहायला नको होती. ती जवळजवळ वाहिलीच नाही.

वेर्नर यांची प्रयोगशाळा तळघरासारखी होती. तेथे भर दिवसाही दिवे लावावे लागत. विद्यार्थी तिला थट्टेने भुयारातली कबरस्तानेच म्हणत. याच अंधाऱ्या जागेत एडिथ हम्फ्री या इंग्रज विद्यार्थिनीने कोबाल्टच्या क्षारांवर काम करून १९०१ साली डॉक्टरेट मिळवली. नवी इमारत मिळायला १९०९ साल उजाडले.

मुख्य वाद मात्र एका जांभळ्या क्षारावर येऊन अडला होता. पुन्हा वर्गाचे उदाहरण घ्या. सहा दिशांपैकी दोन ठिकाणी क्लोरीन बसवायचे आहेत. ते समोरासमोर बसतील, जसे छत आणि फरशी. किंवा शेजारीशेजारी बसतील, जसे भिंत आणि फरशी. तिसरा प्रकार तुम्हांला शोधूनही सापडणार नाही. म्हणून चार अमोनिया असलेल्या क्षाराचे दोन प्रकार मिळायला हवेत. हिरवा प्रकार सर्वांना माहीत होता. दुसरा जांभळा असणार, असा अंदाज होता. पण तो कोणालाच मिळत नव्हता. मग तो आहे कोठे, हा योर्गेनसेन यांचा प्रश्न अगदी रास्त होता. वेर्नर यांना याचे उत्तर द्यायला चौदा वर्षे लागली. १९०७ साली अखेर तो जांभळा क्षार तयार झाला. वेर्नर यांनी त्याचा नमुना कोपनहेगनला पाठवला. योर्गेनसेन यांनी तो पाहिला आणि आपला विरोध सोडून दिला. आयुष्यभर जपलेले मत असे एका चिमूटभर जांभळ्या पुडीसाठी सोडणे सोपे नसते. मला तर या हकिकतीत वेर्नर यांच्याइतकेच योर्गेनसेनही मोठे वाटतात.

तरीही वेर्नर यांचे समाधान झाले नव्हते. जागा खरोखर अशा सहा दिशांना असतील, तर काही क्षारांचे उजवे आणि डावे असे दोन प्रकार व्हायला हवेत. दोन्ही हातांचे तळवे सारखेच दिसतात. पण उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही, तसे हे प्रकार. दिसायला सारखेच, पण ध्रुवीकृत प्रकाश त्यांतून सोडला, की एक त्याला उजवीकडे फिरवतो आणि दुसरा डावीकडे. हे दोन प्रकार वेगळे करण्याचे काम व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याकडे होते. त्याने सुमारे २००० वेळा स्फटिक बनवले, विरघळवले, पुन्हा बनवले. झुरिकच्या रस्त्यावर भेटणारे विद्यार्थी त्याला थट्टेने विचारत, की तुझा क्षार फिरू लागला का? १९११ साली तो खरेच फिरू लागला.

१९१३ साली वेर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते व्याख्यानासाठी कोपनहेगनला गेले होते. योर्गेनसेन यांना भेटण्याची त्यांना इच्छा होती. पण ते आजारी असल्यामुळे भेट झाली नाही. पुढच्या वर्षी योर्गेनसेन वारले. इतकी वर्षे एकमेकांशी वाद घालणारे हे दोघे कधी समोरासमोर आलेच नाहीत. आपल्या कामाचा पाया योर्गेनसेन यांच्या प्रयोगांनी घातला, हे वेर्नर यांनी उघडपणे मान्य केले.

एक शंका अजून शिल्लक होती. उजवे-डावेपणा हा केवळ कार्बनचा गुण आहे, असे काही जण म्हणत. कारण किंगच्या क्षारातही कार्बन होताच. १९१४ साली वेर्नर यांनी असा क्षार वेगळा करून दाखवला, की ज्याच्या त्या उजव्या-डाव्या भागात कार्बनचा एकही अणू नव्हता. मधे एक कोबाल्ट आणि त्याच्याभोवती आणखी तीन कोबाल्ट, अशी त्याची रचना होती. ही शंकाही मिटली.

वेर्नर यांनी शरीराची मात्र कधी पर्वा केली नव्हती. सुमारे २०० विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. दिवसरात्र काम, जोडीला मद्यपान आणि विश्रांती नाहीच. रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांना ग्रासले. स्मरणशक्ती आणि बुद्धी यांवरही त्याचा परिणाम झाला. वर्गात भरभरून बोलणाऱ्या या माणसाला ऑक्टोबर १९१९ मध्ये आपले पद सोडावे लागले. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी झुरिकमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांना त्रेपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांनी बनवलेल्या रंगीबेरंगी क्षारांच्या बाटल्या झुरिक विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत. कोबाल्टभोवतीच्या त्या सहा जागा आता कितीतरी ठिकाणी सापडल्या आहेत. मोबाइलच्या अनेक बॅटऱ्यांत लिथियम आणि कोबाल्ट यांचे ऑक्साइड असते. त्यात प्रत्येक कोबाल्टभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. आणि दूध, अंडी व मांस यांतून आपल्याला ब-१२ हे जीवनसत्त्व मिळते. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ साली पूर्णपणे उलगडली. तेव्हा दिसून आले, की त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू आहे. त्याच्या चार बाजूंना चार शेजारी, एक वर आणि एक खाली.