थंडीत काच उघडी ठेवून ट्राम चालवणारा ड्रायव्हर दिसला, मेरीनं वायपर बनवला, पण हातात पडला भोपळा

गाडी जुनी असेल तर हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. पुढच्या ट्रकनं उडवलेला चिखल काचेवर येतो. तुम्ही वॉशर सुरू करता, मोटरचा घूं असा आवाज येतो आणि काचेपर्यंत पोहोचतात जेमतेम चार थेंब. वायपर तेवढ्यावरच फिरतो आणि काच चिखलानं सारवून ठेवतो. आधी थोडंफार दिसत होतं, आता तेही गेलं.

आता विचार करा, वायपरच नसता तर?

सव्वाशे वर्षांपूर्वी हीच परिस्थिती होती. ती बदलायला निघालेल्या बाईंचा गाड्यांशी काडीचा संबंध नव्हता. नाव मेरी अँडरसन.

मेरीचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. यादवी युद्ध संपून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मेरी चार वर्षांची असताना वडील गेले. १८८९ मध्ये आई आणि बहिणीसोबत ती बर्मिंगहॅमला आली. हे इंग्लंडमधलं नाही, अलाबामातलं बर्मिंगहॅम. तिथं या कुटुंबानं फेअरमाँट नावाची अपार्टमेंट इमारत बांधली. १८९३ मध्ये मेरी थेट कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला गेली आणि तिथं तिनं गुरांचा रँच आणि द्राक्षाचा मळा सांभाळला. पुढं आजारी मावशीची सेवा करायला ती परत आली. या मावशीच्या जड पेट्यांमध्ये नंतर सोनं-नाणं सापडलं, असं सांगतात. थोडक्यात, मेरी ना इंजिनिअर होती ना मेकॅनिक. पण व्यवहार कळणारी आणि कुणावर अवलंबून नसणारी बाई होती.

मग आला १९०२-०३ चा हिवाळा. मेरी न्यूयॉर्कला फिरायला गेली होती. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होता आणि ती ट्राममध्ये बसली होती. तिचं लक्ष गेलं ड्रायव्हरकडं. समोरच्या काचेवर बर्फ साचल्यामुळं त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून त्यानं काचेची दारं उघडीच ठेवली होती. गार वारा आणि बर्फ सरळ त्याच्या तोंडावर येत होता. उघडं ठेवावं तर गारठून मरा, बंद करावं तर आंधळ्यासारखी ट्राम हाका.

ट्राममधल्या बाकीच्यांनीही हे पाहिलंच असणार. मेरीनं घरी येऊन त्यावर काम सुरू केलं.

तिनं एका डिझायनरला हाताशी धरलं आणि बर्मिंगहॅममधल्याच एका कंपनीकडून चालतं मॉडेल बनवून घेतलं. रचना एकदम सोपी. ड्रायव्हरजवळ आतल्या बाजूला एक हँडल, काचेच्या बाहेर एक दांडा, दांड्याला रबराची पट्टी. हँडल फिरवलं की पट्टी काचेवरून सरकणार आणि बर्फ, पाणी बाजूला ढकलणार. हिवाळा संपला की अख्खं यंत्र काढून ठेवायचं, म्हणजे काच मोकळी.

पण खरी गोम होती दाबात. रबर काचेला नुसतं टेकून चालत नाही, ते सगळीकडं सारखं दाबलं गेलं पाहिजे. ती सोय मेरीच्या डिझाइनमध्ये होती.

आजच्या जुन्या गाडीतही हाच मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पाणी नीट येतंय आणि तरीही काचेवर पट्टे उमटतायत, तर दोष वॉशरचा नाही. रबर कडक झालंय किंवा दांड्याची स्प्रिंग सैल पडलीय. पाणीच कमी येत असेल तर आधी टाकी भरलेली आहे का ते बघा, मग मोटरचा आवाज ऐका. आवाजच नाही, तर फ्यूज, वायर किंवा मोटर तपासायची. आवाज आहे पण धार नाही, तर बोनेटखाली नोझलला जोडलेला पाइप सोडवायचा आणि पुन्हा वॉशर चालवून बघायचा. पाइपमधून जोरात पाणी आलं तर नोझलचं भोक क्षारानं बुजलंय. बारीक सुईनं ते हलक्या हातानं साफ होतं. पाइपमधूनच पाणी कमी आलं तर पाइप कुठंतरी चिरलाय किंवा टाकीच्या तळाशी गाळ बसून पंपाचं तोंड अडलंय. मोटर थेट बदलायला जाऊ नका, बऱ्याचदा तिची काही चूक नसते. आणि टाकी रिकामी असताना ती चालवतही राहू नका.

मेरीच्या यंत्रात पाण्याची सोय नव्हती. तिचं भांडण बर्फाशी आणि पावसाशी होतं.

१८ जून १९०३ ला तिनं पेटंटसाठी अर्ज केला. गंमत बघा, त्याच्या दोनच दिवस आधी, १६ जूनला, हेन्री फोर्डची फोर्ड मोटर कंपनी रीतसर स्थापन झाली होती. १० नोव्हेंबर १९०३ ला मेरीला पेटंट मिळालं. नंबर ७,४३,८०१ आणि मुदत १७ वर्षं. काच पुसायचं डोकं एकट्या मेरीनंच लावलं असं मात्र नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जेम्स हेन्री अ‍ॅपजॉन यांनीही ब्रश वर-खाली करून काच पुसायची युक्ती काढली होती. पण मेरीचा दांडा, रबर आणि दाब हे गणित आजच्या वायपरच्या जास्त जवळचं आहे.

पेटंट मिळालं, आता पैसा मिळायला हवा होता. १९०५ मध्ये मेरीनं माँट्रियलच्या डिनिंग अँड एकेन्स्टाईन या कंपनीमार्फत हक्क विकायचा प्रयत्न केला. त्यांनी कळवलं की विक्रीला घ्यावं एवढं या वस्तूचं व्यापारी मोल नाही. आज हे वाचून हसू येतं, पण तेव्हा रस्त्यावर गाड्या होत्याच किती? ज्या होत्या त्यातल्या अनेकांना समोर काचही नसायची. फोर्डची मॉडेल टी यायलाही अजून तीन वर्षं होती. मेरीचं उत्तर बरोबर होतं, प्रश्नच अजून लोकांना पडायचा होता.

आणि पेटंटचं घड्याळ चालूच होतं.

मधल्या काळात शार्लट ब्रिजवुड या बाईंनी विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं. त्यांनाही त्यातून फारसं काही मिळालं नाही. १९२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेरीच्या पेटंटची मुदत संपली. आता तिची कल्पना कुणीही फुकट वापरू शकत होतं. दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, कॅडिलॅकनं गाडीसोबतच वायपर द्यायला सुरुवात केली. बाकीच्या कंपन्याही मागोमाग आल्या. मेरीच्या खात्यात यातला एक डॉलरही आला नाही.

तिनं लग्न केलं नाही. फेअरमाँट इमारतीचा कारभार ती शेवटपर्यंत बघत राहिली. २७ जून १९५३ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, टेनेसीतल्या माँटईगल इथल्या उन्हाळी घरी ती गेली. तोपर्यंत रस्त्यावरच्या गाड्यांना वायपर असणं इतकं नेहमीचं झालं होतं, की ते कुणाच्या डोक्यातून आलं हे विचारायचंही कुणाला सुचत नव्हतं.

अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं २०११ मध्ये. तेव्हा तिला जाऊन ५८ वर्षं झाली होती.